मनाचें आजारपण आणि उद्यांची भाकर
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मंगल बोलावें, असा आपल्याकडील शिष्टाचार आहे. पन्नास वर्षांपूर्वीं ह्या धर्मग्रामाची स्थापना कशी झाली, कोणीं जमीन दिली, कोणीं विटा वाहिल्या, हें आमच्यापूर्वींच्या वक्त्यांनीं आपणांस उत्तम रीतीनें सांगितलें आहे. त्या गोड आठवणींवर आणखी साखर पेरण्याचा आमचा विचार नाहीं. चालकांनीं आम्हांस भाषणाची आज्ञा केली, तेव्हां आम्हीं मनाशीं असें ठरविलें कीं, ज्या दुःखाविषयीं आपण स्वयंपाकघरांत हलक्या आवाजानें बोलतों, पण सभेंत ज्याचा उच्चारही करीत नाहीं, त्याच दुःखाविषयीं आज उघडपणें बोलावें. तें दुःख म्हणजे मनाचा आजार, आणि त्याच्या पाठोपाठ घरांत शिरणारी पैशाची काळजी.

एखाद्याचा पाय मोडला तर अर्धी आळी त्याच्या समाचारास जाते. कोणी शहाळें नेतो, कोणी केळ्यांचा घड नेतो. एखाद्याचें मन मोडलें, तर त्याच आळींतील दारें हळूच लोटलीं जातात. आणि खरें सांगावयाचें तर पहिलें दार त्या घरचेंच लोटलें जातें. अशा रोग्याच्या आईबापांस दोन भयें असतात. एक भय आजचें: लोकांस कळलें तर काय म्हणतील? दुसरें भय उद्यांचें: आमच्या मागें ह्याच्या तोंडांत घास कोण घालील? पहिल्या भयाविषयीं अलीकडे बरेंच बोललें जातें. दुसऱ्याविषयीं फारच थोडें. म्हणून विमा, अपंगत्वाचें प्रमाणपत्र, निवृत्तिवेतन ह्या कोरड्या शब्दांविषयींच आज आम्ही बोलणार आहों. शब्द कोरडे खरे. परंतु ज्या घरांत हा आजार आहे, त्या घराची मध्यरात्रीं झोप उडविणारे शब्द हेच होत.

आणि अशीं घरें थोडीं आहेत, असें कोणीं समजूं नये. २०१५-१६ सालीं बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें देशांतील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी केली. तींत प्रौढ लोकांपैकीं १०.६ टक्के लोक त्या वेळीं कोणत्या ना कोणत्या मानसिक विकारानें पीडित असल्याचें आढळलें. ह्या सभागृहांतील एकेका बाकावर आठ-दहा माणसें बसलीं आहेत. हिशेब आपला आपणच करावा.

प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतों. कारण जो स्वतःचें दार लोटून बसला आहे, त्यानें दुसऱ्यास दार उघडण्याचा उपदेश करूं नये.

आमचा धाकटा भाऊ मुंबईंतील एका खासगी पेढींत कारकून होता. सकाळच्या गाडीनें जावें, रात्रीं परत यावें, रविवारीं वाडींत केळींस पाणी द्यावें, असा त्याचा क्रम असे. २००९ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तो घरीं येऊन सांगूं लागला कीं, डब्यांतील माणसें आपल्याविषयींच कुजबुजतात. पुढें डबा रिकामा असला तरी त्याला ती कुजबुज ऐकूं येऊं लागली. पहिले सहा महिने आम्हीं दृष्ट काढण्यांत आणि नवस बोलण्यांत घालविले. अखेर डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें: स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता. तोंपर्यंत कामावर न गेल्यामुळें त्याची नोकरी सुटली होती. पेढीनें त्याच्याकडून राजीनाम्याचा कागद लिहून घेतला, आणि आम्हीं मान खालीं घालून आभार मानले. कां, तर बोभाटा झाला नाहीं म्हणून!

चार वर्षें त्याच्या पगारांतून कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी कापली जात होती. त्या योजनेंत दीर्घकाळच्या ३४ रोगांची एक यादी आहे, तींत मनोविकृतीचा, म्हणजे इंग्रजींत ज्यास सायकोसिस म्हणतात त्याचा, समावेश आहे. ज्याची नोकरी व वर्गणी ठराविक मुदतीची झाली आहे, अशा कामगारास त्या रोगांत विस्तारित आजारपणाचा लाभ मिळतो. आणि हल्लीं तो वेतनाच्या ८० टक्के ह्या दरानें दोन वर्षांपर्यंत मिळूं शकतो, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. पेढीनें सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. लाज ही किती महाग वस्तु आहे, ह्याचा आमच्या घरांतील हा पहिला हिशेब होय.

दुसरा हिशेब याहून कडू आहे, कारण त्यांत दोष आमचा आहे. २०१६ सालीं आम्हीं सर्व कुटुंबाचा आरोग्यविमा उतरविला. फॉर्मवर प्रश्न होता: कुटुंबांतील कोणास पूर्वीं मानसिक आजार झाला आहे काय? फॉर्म भरून घेणारा गृहस्थ म्हणाला, "हें लिहूं नका, लिहिलेंत तर पॉलिसीच होणार नाहीं." आम्हीं 'नाहीं' असें लिहिलें आणि खालीं सही केली. २०१९ सालीं भाऊ पुन्हां बिघडला. एकोणीस दिवस त्यास इस्पितळांत ठेवावें लागलें. बिल ८६ हजारांचें झालें. कंपनीनें इस्पितळाचे जुने कागद मागविले, त्यांत २००९ चा उल्लेख सांपडला, आणि रोग लपविल्याच्या कारणावरून दावा नाकारला. आईच्या पाटल्या विकून आम्हीं बिल भागविलें. कंपनीविरुद्ध तक्रार करावी असें पुष्कळांनीं सुचविलें. परंतु ज्या कागदावर आमचीच खोटी सही होती, तो घेऊन कोणाच्या दारीं उभे राहणार?

हें आम्हीं कबूल केलें, आतां कायदा काय म्हणतो तें सांगतों. कारण त्याच काळांत कायदा आमच्या बाजूनें पुष्कळ पुढें आला होता, आणि आम्हीच मागें राहिलों होतों.

इंग्रजी अमदानींत १९१२ सालीं वेड्यांविषयींचा कायदा झाला. त्या कायद्याच्या दृष्टीनें मनोरुग्ण हा मुख्यतः कोंडून ठेवण्याचा विषय होता. आपल्या राज्यांतील ठाणें, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार मोठीं मनोरुग्णालयें पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडीं 'वेड्यांचें इस्पितळ' म्हणूनच राहिलीं. आणि "ठाण्यास पाठवा ह्याला" ही आपल्या भागांतील थट्टा आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९८७ सालीं नवा कायदा झाला. तोही बराचसा इस्पितळांत दाखल करण्याच्या आणि सोडण्याच्या नियमांचाच होता. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यानें मानसिक आजारास अपंगत्वाच्या यादींत स्थान दिलें. २००७ सालीं आपल्या देशानें अपंगांच्या हक्कांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. आणि त्यास अनुसरून दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा व मानसिक आरोग्य सेवेचा २०१७ चा कायदा, असे दोन कायदे झाले. दुसरा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला.

ह्या दुसऱ्या कायद्याचें २१ वें कलम ज्याच्या घरीं हा आजार आहे, त्यानें पाठ करून ठेवावें. त्याच्या चौथ्या पोटकलमाचा आशय असा कीं, शारीरिक आजाराच्या उपचारांसाठीं ज्या पायावर आरोग्यविमा दिला जातो, त्याच पायावर मानसिक आजाराच्या उपचारांसाठींही प्रत्येक विमा कंपनीनें तो दिला पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणानें ऑगस्ट २०१८ मध्यें कंपन्यांस तशी आज्ञा केली. तरीही कित्येक विमापत्रांत मानसिक आजार वगळल्याचें कलम तसेंच राहिलें. एका विमेदार बाईचा दावा ह्याच कलमावर बोट ठेवून नाकारण्यांत आला, तेव्हां ती दिल्ली उच्च न्यायालयांत गेली; आणि एप्रिल २०२१ मध्यें न्यायालयानें निकाल दिला कीं, कायदा झाल्यावर असें कलम टिकूं शकत नाहीं. पुढें ऑक्टोबर २०२२ मध्यें प्राधिकरणानें सर्व कंपन्यांस महिनाअखेरची मुदत घालून पुन्हां बजावलें. तात्पर्य, आज कोणी आपणांस "मनाचा आजार विम्यांत बसतच नाहीं" असें सांगेल, तर तो एकतर जुनें ज्ञान सांगत आहे, किंवा आपल्या अज्ञानाचा फायदा घेत आहे.

परंतु कायद्यानें दार उघडलें म्हणून घरांत सर्व सोयी आहेत, असें समजूं नये. 'त्याच पायावर' ह्या दोन अक्षरी-चार अक्षरी शब्दांत एक मेख आहे. आपला नेहमींचा आरोग्यविमा हा बहुधा इस्पितळांत दाखल झालेल्याचा खर्च देतो. पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, विम्यानें पैसे दिले, प्रकरण संपलें. मनाच्या आजाराचें तसें नाहीं. त्याचा खर्च मुख्यत्वें इस्पितळाबाहेरचा: दर महिन्याचें औषध, डॉक्टरांची फी, समुपदेशनाच्या बैठकी, आणि त्याला सोबत करणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी. हा झरा बारा महिने वाहत असतो, आणि विम्याचें भांडें मात्र फक्त पुराच्या वेळीं पुढें केलें जातें. कांहीं विमापत्रांत बाह्यरुग्णसेवेचा खर्चही असतो. तेव्हां विमा घेतांना हप्ता किती हें विचारण्याआधीं तें आहे कीं नाहीं, हें विचारावें.

आणखी एक गोष्ट. वरील कलम आरोग्यविम्यापुरतें आहे. आयुर्विम्यास तें लागू नाहीं. शिवाय, आधींपासून असलेल्या आजारास कंपनी कांहीं काळ थांबावयास लावूं शकते. ही मुदत पूर्वीं चार वर्षांपर्यंत असे. २०२४ च्या नियमांनीं ती जास्तींत जास्त तीन वर्षांवर आणली. त्याच नियमांनीं असेंही ठरविलें कीं, आरोग्यविमा सलग पांच वर्षें चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाहीं ह्या सबबीवर दावा नाकारतां येणार नाहीं. आम्हीं २०२३ सालीं नवीन विमा घेतला, तेव्हां ह्या खेपेस सर्व कांहीं खरें लिहिलें. एका कंपनीनें नकार दिला; दुसरीनें हप्ता अधिक लावून व मुदतीची अट घालून स्वीकार केला. हप्ता भरतांना जड जातें; परंतु रात्रीं झोप लागते, आणि तीही हप्त्यांतच मोजावी, असें आमचें मत आहे.

आतां प्रमाणपत्राकडे वळूं. दिव्यांगांच्या कायद्याप्रमाणें ज्याचें अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरतें, त्यास बहुतेक सवलती मिळतात. पाय किती अधू आहे हें मोजतां येतें. मन किती अधू आहे हें कसें मोजावें? त्यासाठीं भारतीय मनोरोगचिकित्सकांच्या संघानें तयार केलेली 'आयडियाज' नांवाची एक मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, इतर माणसांशीं वागणूक, बोलणें व समजणें, आणि काम, ह्या चार बाबींत प्रत्येकीं शून्यापासून चारपर्यंत गुण दिले जातात, आणि आजार किती वर्षांचा आहे ह्याचेही गुण त्यांत मिळवितात. वीसपैकीं सात गुण झाले कीं चाळीस टक्क्यांची पायरी गांठली जाते. ह्या परीक्षेंत जितके गुण अधिक, तितका माणूस अधिक नापास. अशी ही जगावेगळी परीक्षा आहे.

२०२१ सालीं आम्ही भावास घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळांत गेलों. आदल्या रात्रीं आईनें त्याला न्हाऊं घातलें होतें, इस्त्रीचा सदरा दिला होता. डॉक्टरांनीं जें जें विचारलें त्याचें त्यानें नीट उत्तर दिलें. मुंबईच्या नोकरीचें वर्णन केलें, वाडींतील केळींची संख्या सांगितली. चाळीस टक्के भरले नाहींत. परत येतांना गाडींत आम्ही उदास बसलों होतों. आणि एकदम आमच्या ध्यानांत आलें कीं, आपला भाऊ आज शहाण्यासारखा बोलला, ह्याचेंच आपणांस दुःख होत आहे! बंधुभगिनींनो, त्या दिवसाइतकी स्वतःची शरम आम्हांस कधीं वाटली नाहीं. पण दोष केवळ आमचा नव्हता. हा आजार भरतीओहोटीसारखा आहे, आणि मोजणारा ओहोटीच्या वेळीं येऊन समुद्र उथळ असल्याचा दाखला देऊन जातो. पुढल्या वर्षीं भाऊ पुन्हां आजारी पडला. ह्या वेळीं आम्हीं तेरा वर्षांचे कागद तारीखवार लावून नेले. कोणत्या महिन्यांत तो जेवला नाहीं, कोणत्या महिन्यांत घराबाहेर पडला नाहीं, ह्याची आईनें ठेवलेली वही नेली. डॉक्टर सज्जन होते. त्यांनीं ती वही पानें उलटून वाचली. ह्या खेपेस पन्नास टक्क्यांचें प्रमाणपत्र मिळालें, तेंही कांहीं वर्षांच्या मुदतीचें; मुदत संपली कीं पुन्हां परीक्षा.

ह्या प्रमाणपत्रावर काय मिळतें? गरीब कुटुंबांतील ज्याचें अपंगत्व ८० टक्के वा अधिक आहे, त्यास केंद्राच्या योजनेंतून केंद्राचा वांटा म्हणून दरमहा ३०० रुपये मिळतात. आपल्या राज्यांत संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम २०२३ सालीं १,००० वरून १,५०० रुपये झाली, आणि दिव्यांगांसाठीं ती २,५०० करण्याचा निर्णय २०२५ सालीं झाला. परंतु तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे, आणि दिव्यांगांसाठीं ती वर्षास ५० हजार रुपये आहे. म्हणजे ज्या घरांत एक जण जरी नियमित मिळविता असला, तें घर बहुधा बाहेर राहतें. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीं चार टक्के जागा राखीव आहेत. त्यांत आत्ममग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार ह्या गटास, बहुविकलांगांसह, मिळून एक टक्का आहे. तसेंच सरकारी नोकरींत असतांना ज्यास अपंगत्व आलें, त्यास त्या कारणानें कामावरून काढतां येत नाहीं, हें त्या कायद्याचें २० वें कलम सांगतें. डिसेंबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राखीव पोलीस दलांतील एका नोकराच्या प्रकरणांत, मानसिक अपंगत्वामुळें घडलेल्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई करणें हा अप्रत्यक्ष भेदभाव होऊं शकतो, असें स्पष्ट केलें. आमच्या भावाच्या हातीं राजीनाम्याचा कागद देण्यांत आला होता, तो दिवस आम्हांस तो निकाल वाचतांना आठवला.

एका विसंगतीकडेही आपलें लक्ष वेधतों. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता ह्यांचा विचार केला आहे. त्याच्या 'निरामय' योजनेंत अशा व्यक्तींस एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, आणि त्यांत बाह्यरुग्णसेवाही आहे. पण केवळ मानसिक आजार असलेल्यास ह्या न्यासाचें दार उघडें नाहीं. ज्याला औषध जन्मभर घ्यावयाचें आहे, तोच नेमका औषधाच्या विम्याबाहेर राहिला.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यावांचून आमच्या वडिलांस शांतपणें डोळे मिटतां आले नसते. वडील सरकारी नोकरींतून निवृत्त झाले होते. सरकारी नोकराच्या पश्चात्, मनाच्या विकारामुळें स्वतःचें पोट भरूं न शकणाऱ्या मुलास, वयाची अट न ठेवतां, हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळूं शकतें. खासगी नोकरींतील लोकांसाठीं १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. तींतही कायमच्या व पूर्ण अपंग अपत्यास वयाच्या अटीशिवाय वेतन मिळण्याची तरतूद आहे. परंतु हें सर्व वडील हयात असतांनाच कागदावर आणून ठेवणें फार हिताचें. आमच्या वडिलांनीं २०२२ सालीं, काठी टेकीत कचेरीच्या पायऱ्या चढून, मुलाचें नांव व वैद्यकीय दाखला आपल्या निवृत्तिवेतनाच्या कागदांस जोडविला. २०२४ सालीं ते वारले. आज तें वेतन आईस मिळतें. तिच्या मागें तें भावास मिळेल.

तो दाखला मिळाला त्या संध्याकाळीं भावानें तो वाचला. त्यावर लिहिलें होतें कीं, हा इसम स्वतःचा चरितार्थ चालविण्यास असमर्थ आहे. तो वाडींतून नुकताच पाणी देऊन आला होता. हातांस चिखल होता. त्यानें आम्हांस विचारलें, "दादा, मी बरा झालों तर हें बंद होईल कां?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं, आणि आजही नीट देतां येत नाहीं. नियम असा कीं, तो आपलें पोट भरूं लागला तर वेतन थांबेल. केंद्र सरकारनें आपल्या नोकरांच्या अपंग अपत्यांसाठीं २०२१ सालीं ह्यांत थोडी सवलत केली. अपत्याचें उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आंत असेल तर वेतन चालू राहतें. पण मूळ पेंच राहतोच. बरे व्हावें तर भाकर जाते. भाकर राखावी तर बरे होण्याचें भय वाटतें. ज्या मदतीची अटच आजारी राहणें ही आहे, ती मदत रोग्याच्या पायांत नकळत बेडी घालते. चार महिने चांगला राहून जो काम करूं इच्छितो, त्याला काम करूं द्यावें, आणि पांचव्या महिन्यांत तो पडला तर त्याची जागा शिल्लक असावी, एवढीच आमची मागणी आहे. ही भीक नव्हे. भरतीओहोटीच्या रोगास भरतीओहोटीचा नियम असावा, इतकाच तिचा अर्थ.

आतां ज्यांच्या घरीं ही काळजी आहे, त्यांस आमच्या चुकांतून निघालेल्या कांहीं सूचना करतों. विम्याच्या फॉर्मवर कधींही खोटें लिहूं नका, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःजवळ ठेवा. दावा नाकारला तर लेखी कारण मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरांत समाधान झालें नाहीं, तर विमा लोकपालाकडे जा. तेथें फी लागत नाहीं आणि वकीलही लागत नाहीं. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आंत गेलें पाहिजे. औषधाची प्रत्येक चिठ्ठी पहिल्या दिवसापासून तारीखवार लावून ठेवा, आणि आमच्या आईप्रमाणें एक वही ठेवा. रोगी चांगला असतांना त्याच्याच संमतीनें त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधि कोण, हें लिहून ठेवा. तो अधिकार त्याला २०१७ च्या कायद्यानें दिला आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ सालीं सुरू झाली. तींत पात्र कुटुंबास वर्षाला पांच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळतो, व त्यांत मानसिक आजारांचे उपचारही आहेत. आपलें कुटुंब पात्र आहे कीं नाहीं, हें संकट येण्यापूर्वीं पाहून घ्या. आणि एखादी रात्र अगदींच असह्य झाली, तर १४४१६ ह्या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोला. २०२२ पासून ही सरकारी सेवा दिवसरात्र व विनामूल्य चालू आहे.

शेवटीं आपणां सर्वांस दोन शब्द. सोळाव्या शतकांत स्पेन देशांतील ग्रॅनडा शहरीं एका मनुष्यास वेडा ठरवून तेथील राजकीय इस्पितळांत डांबण्यांत आलें होतें. तेथें रोग्यांस कसें वागवितात हें त्यानें स्वतः भोगलें, आणि बाहेर पडल्यावर गरीब रोग्यांसाठीं स्वतःच इस्पितळ उघडलें. त्यालाच आपण आज संत जॉन ऑफ गॉड म्हणतों, आणि सर्व इस्पितळांचा आश्रयदाता मानतों. ज्याच्या तसबिरीपुढें आपण मेणबत्ती लावतों, तो आज आपल्या आळींत राहत असता, तर आपण त्याच्या दारावर थाप मारली असती काय, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें.

आमची विनंती मोठी नाहीं. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त कारकून आहेत, शिक्षक आहेत, बँकेंत काम केलेले गृहस्थ आहेत. महिन्यांतून एका रविवारीं, मिस्सेनंतर एक तास, त्यांतील दोघांनीं ह्या सभागृहांत एक टेबल मांडून बसावें. ज्याला फॉर्म भरावयाचा आहे, ज्याला नाकारलेल्या दाव्याचें पत्र समजावून घ्यावयाचें आहे, ज्याला जिल्ह्याच्या इस्पितळांत सोबत हवी आहे, त्यानें तेथें यावें. तेथें त्याला कोणीं "कोणाच्या डोक्यांत बिघाड आहे?" असें विचारूं नये, "कोणता कागद अडला आहे?" एवढेंच विचारावें. हवें तर पहिलें टेबल आम्ही मांडूं. आणि आमचा भाऊ म्हणतो कीं, खुर्च्या तो लावील.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडीलधाऱ्यांनीं विटा वाहून हें मंदिर उभें केलें. ज्यांच्या घराच्या भिंती आंतून ढासळत आहेत, त्यांच्याकडे पुढील पन्नास वर्षांत चार विटा घेऊन जाणें हेंही बांधकामच होय.